जोखीम आणि जोखणें : खानदेशच्या व्यापारमार्गावरील व्याजदरांसंबंधीं एक विचार

(१)

इतिहाससंशोधकांच्या हातीं येणाऱ्या जुन्या कागदांत ज्यांची संख्या सर्वांत अधिक आणि ज्यांचा आदर सर्वांत कमी, असे कागद म्हणजे सावकारी रोखे, हुंड्या व वह्या. एखाद्या सरदाराचें चार ओळींचें मोडी पत्र सांपडलें, तर तें तत्काल टिपणासह छापलें जातें. त्याच रुमालांतील कर्जखतें मात्र 'किरकोळ' या सदराखालीं बांधून परत फडताळांत जातात. या किरकोळ कागदांची बाजू मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. आमच्या पिंप्राळ्यास, म्हणजे आज जळगांव महानगराच्या हद्दींत गेलेल्या जुन्या गांवीं, आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथ निघतो. कांहीं वर्षांपूर्वीं त्या गर्दींत घेतलेल्या शेंगदाण्यांची पुडी सोडून पाहतों, तों कागद जुन्या वहीचा! नांवाचा भाग फाटला होता. मुद्दल, दरमहाचा दर आणि मुदत एवढेंच मोडी शाबूत होतें. दुकानदारास विचारतां, तशी आणखी वही होती, ती संपली, असें उत्तर मिळालें. चाळीस वर्षें मुलांना व्याजाचीं उदाहरणें घातलीं. परंतु हाच दर कां, याहून कमी वा अधिक कां नाहीं, असा प्रश्न प्रस्तुत लेखकास त्या पुडीपूर्वीं कधीं पडला नव्हता. त्या पानावरचा आंकडा म्हणजे कोणा एका सावकारानें कोणा एका ऋणकोचें, त्याच्या मार्गाचें आणि त्या वर्षाच्या आभाळाचें केलेलें वजन होतें. तें वजन वाचावयाचें कसें, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. मराठींत 'जोखणें' म्हणजे तोलणें, वजन करणें. आणि 'जोखीम' म्हणजे नुकसानीचें भय, तसेंच ज्याच्या नाशाचें भय आहे अशी मौल्यवान चीज. वाटेनें जोखीम नेणारा मनुष्य म्हणजे सोनें, मोतीं वा रोकड नेणारा. या दोन्ही शब्दांचें मूळ एकच आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. गुजरातींत व हिंदींतही ही जोडी अशीच शेजारीं शेजारीं नांदते. भय ही मनाची अवस्था. पण व्यापाऱ्याच्या भाषेनें तिला तराजूंत घातलें. 'विमा' या शब्दाचा प्रवास उलट दिशेचा आहे. तो फारसी 'बीम' म्हणजे भय यावरून आला आणि भयाच्या निवारणाचें नांव होऊन बसला.

संस्कृतांत या अर्थाचा एकच रूढ शब्द नाहीं. परंतु दोन शब्द लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला 'योगक्षेम'. नसलेलें मिळविणें तो योग आणि मिळालेलें राखणें तो क्षेम, हा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. पण मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत व्यापाऱ्यांवरील कराचा विचार सांगतांना खरेदी, विक्री, वाटेचें अंतर, खाण्यापिण्याचा खर्च यांच्याबरोबर योगक्षेमही पाहावा असें म्हटलें आहे. तेथें टीकाकार या शब्दानें चोरांपासून माल राखण्याचा खर्च समजतात. म्हणजे क्षेम ही नुसती आशीर्वादाची वस्तु नसून खर्चाची एक बाब होती. १९५६ मध्यें स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळानें आपल्या बोधवाक्यासाठीं भगवद्गीतेंतील योगक्षेमाचेंच वचन निवडलें, तें यथार्थच होय.

दुसरा शब्द 'राजदैविक'. याज्ञवल्क्य सांगतो कीं, वाहकाच्या हातून माल नष्ट झाल्यास त्यानें तो भरून द्यावा. मात्र राजाच्या किंवा दैवाच्या कृतीनें नाश झाला असेल तर भरपाई नाहीं. मराठी कौलनामे व इजाऱ्याचे कागद ज्यांनीं वाचले आहेत, त्यांना हें वाचतांच 'अस्मानी सुलतानी' हे शब्द आठवतील. अस्मानी म्हणजे दैविक, सुलतानी म्हणजे राजकीय. शब्द फारसी, विचार तोच. करार करतेवेळींच संकटाचे प्रकार पाडून, अमुक प्रकारचें ओझें तुझें आणि तमुक प्रकारचें माझें, असें ठरविण्याची ही रीत आहे. जोखीम मोजण्याइतकेंच ती वांटण्याचेंही शास्त्र असतें, हें येथें दिसून येतें.

(३)

आतां मापाकडे वळूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत तारणावरील कर्जास दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, व्याज सांगितलें आहे. बिनतारणी कर्जास ऋणकोच्या वर्णानुसार शेंकडा दोन, तीन, चार व पांच. त्यानंतर 'कान्तारग' म्हणजे अरण्यमार्गानें जाणारे यांना दहा आणि 'समुद्रग' यांना वीस. शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें म्हैसूर येथें प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांतही हीच श्रेणी आहे : सव्वा धर्म्य, पांच व्यावहारिक, दहा कांतारांतून जाणाऱ्यांची, वीस समुद्रावर जाणाऱ्यांची. हे सर्व दर दरमहाचे आहेत.

हे चढते दर कां, याचें उत्तर विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत दिलें आहे. त्याचें तात्पर्य असें कीं, हे लोक अधिक लाभासाठीं प्राणाची व धनाची शाश्वती नाहीं अशा ठिकाणीं शिरतात. तेथें धनकोच्या मुद्दलाच्याही नाशाची शंका असते, म्हणून वृद्धि अधिक. मनूनें तर आंकडा न देतां, समुद्रयानांत कुशल आणि देश, काळ व माल जाणणारे लोक जी वृद्धि ठरवितील तीच प्रमाण, असें सांगून टाकलें. म्हणजे जोखणारा शास्त्री नव्हे. ज्यानें बुडालेलीं जहाजें पाहिलीं तो.

या दरांत किती शंका दडली आहे, हें साध्या त्रैराशिकानें काढतां येतें. कल्पना करावी कीं कर्ज एका महिन्याचें आहे, माल गेला तर कर्जही गेलें असा करार आहे, आणि घरीं बसून व्यवहार केल्यास सावकारास शेंकडा पांच मिळतात. त्यानें बावीस जणांना शंभर शंभर दिले, तर मुद्दल २२०० आणि घरच्या दरानें परत यावयाचे २३१०. हेच बावीस जण अरण्यांत गेले, दर दहा ठरला आणि एक जण लुटला गेला, तर उरलेल्या एकवीस जणांकडून एकशें दहा प्रमाणें बरोबर २३१० येतात. समुद्राचा हिशेब असाच : आठ जणांना दिलेल्या ८०० चे घरच्या दरानें ८४० व्हावयाचे, एक बुडाला आणि सात जणांनीं एकशें वीस प्रमाणें दिले तरी ८४० च. तात्पर्य, शेंकडा दहाचा दर हा बाविसांत एक आणि शेंकडा वीसचा दर हा आठांत एक नाश होईल, या अनुमानाशीं बरोबर जुळतो.

स्मृतिकारांनीं असा हिशेब केला होता, असें प्रस्तुत लेखक म्हणत नाहीं. दरांत सावकाराचा लोभ असतो, पैशाची टंचाई असते, प्रवासाचा काळही एक महिन्याहून लांब असतो. हें गणित वरील अटींवरच उभें आहे. परंतु दर हा एक वजनकांटा आहे आणि तो उलटा वाचतां येतो, एवढें त्यावरून सिद्ध होतें. आणि संशोधकास तेवढें पुरेसें आहे.

(४)

शास्त्रांतले कांतार आणि समुद्र खानदेशांत प्रत्यक्ष एकत्र येत. बऱ्हाणपूर आज मध्यप्रदेशांत असलें तरी तें जुन्या खानदेशचें राजधानीचें शहर. तेथून सुरतेच्या बंदराकडे जाणारा हमरस्ता तापीच्या खोऱ्यांतून रावेर, चोपडें, थाळनेर, नंदुरबार, नवापूर असा उतरत असे. झां बाप्तिस्त ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें याच वाटेनें प्रवास केला. पॅरिस येथें १६७६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांत नवापूरच्या सुवासिक तांदळाचें वर्णन आहे. पण आमच्या विषयास त्याहून मोलाची आहे ती त्यानें दिलेली सुरतेवरील हुंड्यांच्या दरांची यादी. अहमदाबादेस शेंकडा एक ते दीड, बऱ्हाणपुरास अडीच ते तीन, सिरोंजेस तीन, आग्र्यास सव्वाचार ते पांच, लाहोरास सव्वासहापर्यंत, पाटण्यास सात ते आठ, ढाक्यास दहा. हे दर जबर वाटतात खरे, पण वाटेंत माल लुटला गेल्यास पैसे देणाऱ्याचे पैसेही बुडतात, असें स्पष्टीकरण तो जोडतो. मिताक्षरेंतील विधान व या परकीय व्यापाऱ्याचें विधान यांत पांचशें वर्षांहून अधिक अंतर आहे. आशय मात्र एकच आहे.

या यादींत अंतर वाढेल तसा दर वाढतो. त्यांतील कांहीं भाग काळाचा, म्हणजे पैसा अडकून पडल्याचा. कांहीं भाग त्या त्या पेठेंतील नाण्याच्या गरजेचा. आणि उरलेला वाटेच्या जोखमीचा. हे तीन भाग एकमेकांपासून वेगळे करावयाचे, तर एकाच वाटेच्या अनेक वर्षांच्या हुंड्या समोर हव्यात. एक सुटी हुंडी फारसें बोलत नाहीं. पन्नास हुंड्या एकत्र बांधल्या तर बोलूं लागतात.

पश्चिम किनाऱ्यावर हाच व्यवहार 'जोखमी हुंडी' या नांवानें चाले. माल जहाजावर चढविणारा व्यापारी पोंचत्या बंदरावरील अडत्यावर हुंडी लिही व ती विकून पैसे आधींच उचली. जहाज सुखरूप पोंचलें तर हुंडी घेणाऱ्यास पूर्ण रक्कम मिळे. माल समुद्रांत नष्ट झाला तर हुंडीही व्यर्थ. म्हणजे एकाच कागदांत कर्ज, पैशाची पाठवणी आणि विमा हीं तीनही कामें होत. जमिनीवर हुंडेकरी ठराविक एकठोक रकमेंत माल मुक्कामीं पोंचविण्याचा मक्ता घेत. वाटेंतील खर्चाची काळजी मग मालधन्यास नसे.

वाटेची जोखीम स्थिर नसते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या घाटांवर राखणीचें काम आणि त्याबद्दलचे हक्क भिल्ल नाइकांकडे असत. १८०२ मधील होळकरी फौजांची लूट व त्यामागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ यांत खानदेश उध्वस्त झाला, राखणीचे हक्क बुडाले, आणि जे वाटा राखीत त्यांच्याच भीतीनें वाटा बंद पडल्या. १८१८ मध्यें इंग्रजी अंमल आला; १८२५ मध्यें औट्रमनें धरणगांवीं भिल्लांचीच पलटण उभारली आणि वाटा पुन्हा चालूं लागल्या. तींच माणसें, तेच घाट. हक्क चालले तेव्हां क्षेम, बुडाले तेव्हां भय. या पंचवीस वर्षांतल्या हुंड्यांचे दर क्रमानें लावतां आले, तर खानदेशच्या इतिहासाचा तो एक नवाच आलेख होईल.

(५)

येथें कोणी विचारील कीं, ज्या प्रांतांत एवढें जोखणें चालत होतें, तेथें जोखमीचें गणित कां निर्माण झालें नाहीं? चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला व निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्यास शके ११२८ मध्यें दान दिलें, हें डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिलेल्या शिलालेखावरून सर्वश्रुत आहे. त्या लेखांतील दानाचा तपशील तत्कालीन मराठींत आहे. जेथें लीलावती शिकविली जात होती, तेथून व्यापाराच्या वाटा दूर नव्हत्या.

लीलावतींत व्याजाचीं सुंदर उदाहरणें आहेत. शेंकडा पांच दरमहा या दरानें वर्षाअखेर व्याजासह हजार झाले, तर मुद्दल व व्याज किती? उत्तर ६२५ व ३७५. अंकपाशांत अंकांच्या मांडणीचे प्रकार किती होतात, हेंही मोजलें आहे. परंतु व्याजाचा दर तेथें 'दिलेला' असतो. पांचच कां, हा प्रश्न गणिताचा मानलेला नाहीं. युरोपांत पास्काल व फेर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारांत द्यूताच्या डावाच्या निमित्तानें संभवाचें गणित जन्मलें. १६९३ मध्यें हॅलेनें ब्रेस्लाव शहरांतील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचें कोष्टक रचलें. हॅलेजवळ आमच्याहून वेगळें असें मुख्यतः एकच होतें : एका गांवच्या, एकामागून एक वर्षांच्या, जपून ठेवलेल्या नोंदी. आमच्याकडे नोंदी नव्हत्या असें नाहीं. त्या सावकाराच्या वहींत होत्या आणि वही सावकाराच्या गादीखालीं होती. मुनीम जोखीत होता, गणिती मोजीत होता. दोघांची गांठ पडली नाहीं.

नोंदींवांचून केलेलें माप कसें अन्यायी होतें, याचें उदाहरण पुढच्याच काळांत आहे. १८१८ मध्यें कलकत्त्यास ओरिएंटल ही आयुर्विम्याची कंपनी निघाली, ती युरोपियनांकरितां. पुढें अशा कंपन्यांनीं हिंदी माणसांचा विमा उतरविला तेव्हांही त्यांच्याकडून अधिक हप्ता घेतला जाई. एकच दर लावून हिंदी माणसाचा विमा उतरविणारी संस्था मुंबईस निघाली ती १८७० मध्यें, 'बॉम्बे म्युच्युअल' या नांवानें.

(६)

आतांपर्यंत व्यापाऱ्याचें झालें. शेतकऱ्याचें काय? तो जोखीम जाणत नव्हता असें मुळींच नाहीं. ज्वारींत तुरीचे तास घालणें, एक पीक गेलें तर दुसरें हातीं लागावें म्हणून पेरा वांटणें, पेवांत दाणा राखणें, हे सर्व त्याचे विम्याचेच प्रकार होते. त्याच्या हातांत नव्हता तो कर्जाचा कांटा.

स्मृतींनीं व्याज वाढूं दिलें, पण त्यास कुंपणही घातलें. रोख कर्जावर एका वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाइतकें होतांच थांबावें, हा 'दामदुप्पट' नियम मनूपासून चालत आला आहे. सव्वा टक्क्यानें ऐंशी महिन्यांत, पांच टक्क्यांनीं वीस महिन्यांत आणि वीस टक्क्यांनीं पांच महिन्यांत मुद्दल दुप्पट होतें. म्हणजे दर जितका जड तितकें कुंपण जवळ. अवघड वाटेवर पैसा लावणाऱ्यानें लौकर नफा घ्यावा व मोकळें व्हावें. ऋणकोस पिढ्यानपिढ्या धरून ठेवूं नये, असा याचा व्यवहारांतील परिणाम.

हें कुंपण एकोणिसाव्या शतकांत मोडलें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु चांगला; फळ उलटें. तीन वर्षें भरण्यापूर्वीं सावकार नवा रोखा लिहून घेई व जुनें व्याज नव्या मुद्दलांत मिळवी. कागदावर प्रत्येक रोखा दामदुपटीच्या आंतच. वास्तविक कर्ज चौपट, आठपट. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) कापसास सोन्याचा भाव आला, आगगाडी खानदेशांत पोंचली, शेतकऱ्याची पत फुगली. १८६५ मध्यें युद्ध संपतांच भाव कोसळले. मुंबईंत पेढ्या व बँका बुडाल्या, त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याच्या रोख्यावरचें व्याज मात्र भावाबरोबर उतरलें नाहीं. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांत सुपें येथें दंगा उसळला व नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. जमावानें बहुधा माणसें मारलीं नाहींत. त्यानें रोखे मागून घेतले आणि जाळले. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.

आमच्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म वरील त्रैराशिकांत आहे. अरण्यमार्गाच्या बावीस कर्जांपैकीं एक बुडालें तर सावकारास २३१० मिळतात. परंतु जमीन गहाण, बैल गहाण, वर जामीन आणि दर तीन वर्षांनीं नवा रोखा, अशी व्यवस्था असून दर मात्र दहाचाच ठेविला, तर एकही कर्ज बुडत नाहीं व हातीं २४२० येतात. वरचे ११० कशाचे? न वाहिलेल्या ओझ्याची ती हमाली आहे. जोखमी हुंडी घेणारा जबर दर घेई, पण जहाज बुडालें तर त्याच्याबरोबर तोही बुडे. त्या दरास 'अधर्म्य' म्हणण्याचें कारण नाहीं. ज्यानें दर समुद्राचा घेतला आणि पाय मात्र ओट्यावरून खालीं ठेविला नाहीं, त्याचा दर अन्यायाचा. केवळ आंकडा पाहून सावकारास दोष देणें किंवा सोडणें, हीं दोन्ही घाईचीं कामें होत. अस्मानी सुलतानीचें ओझें कोणाकडे होतें, तें कागदांत पाहावें.

(७)

हा प्रश्न जुना होऊन गेलेला नाहीं. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीस आज हवामानावर आधारलेला फळपीक विमा मिळतो. तपमान ठराविक मर्यादेच्या खालीं वा वर किती दिवस गेलें, यावर भरपाई ठरते. अस्मानीचें माप आतां यंत्र घेतें, ही प्रगति खरीच. पण यंत्र असतें हवामानकेंद्रावर आणि केळी असते शेतांत. दोहोंमध्यें जें अंतर उरतें, त्याची जोखीम पुन्हा शेतकऱ्याकडेच राहते. माप कितीही सूक्ष्म झालें, तरी ओझें कोण वाहतो हा दुसरा प्रश्न सुटा विचारावाच लागतो.

आतां हस्तलिखितसंग्राहकांस विनंती. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापण्यास आरंभ करून जुने कागद वाण्याच्या दुकानांतून वाचविण्याची शिकवण दिली. त्यांचा देह १९२६ मध्यें धुळ्यासच पडला. ती शिकवण राजकीय पत्रांपुरती मर्यादित समजूं नये. सावकारी कागद हातीं आल्यास निदान सहा गोष्टी टिपून ठेवाव्या : मुद्दल, दर, मुदत, तारण, मालाचा वा पिकाचा नाश झाल्यास तो कोणाकडे याचें कलम, आणि शेवटीं फेड झाली कीं नाहीं. शेवटची बाब रोख्यांत सांपडत नाहीं, ती खतावणींत सांपडते. म्हणून रोखा व वही एकमेकांपासून तोडूं नयेत. ज्या घराण्यांना पूर्वजांच्या देण्याघेण्याचा संकोच वाटत असेल, त्यांच्यासाठीं नांवें झांकून नकल घ्यावी. नांवें या कामास लागत नाहींत. नांव फाटलेलें पिंप्राळ्याचें तें पान आजही प्रस्तुत लेखकाच्या संग्रहीं आहे, आणि त्यावरील आंकडा अजून एकटाच आहे. त्याच वहीचीं उरलेलीं पानें शेजारीं असतीं, तर बाविसांत एक कीं आठांत एक, हें आज सांगतां आलें असतें. इत्यलम्.